परदेशातल्या युद्धावरून गटात अबोला आलाय. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत?

कंदील

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमचा शास्त्राभ्यासाचा गट अकरा जणांचा. सहा वर्षं झाली, आठवड्यातून एकदा भेटतो. सध्या बायबलातलं रोमकरांस पत्र चालू आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी आलो, सूड उगवू नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या, तेव्हा सगळे माना डोलावत होते. पुढच्या आठवड्यात तेरावा उघडला. अधिकारी तलवार उगीच धारण करत नाही, हे वाक्य वाचून होतंय न होतंय तोच कुणीतरी इराकचं नाव काढलं. २००३ चं युद्ध. आपल्या सरकारने किंवा कुठल्याही सरकारने दुसऱ्याच्या देशात फौज पाठवावी का, असा प्रश्न निघाला आणि तासाभरात आमच्यातले दोन सगळ्यात जुने सोबती एकमेकांकडे पाहीनासे झाले.

एक काका सैन्यात होते. दुसरे शिक्षक होते. शिक्षककाकांची नजर अधू झालीय, म्हणून दोघांत मिळून एकच गीतांचं पुस्तक असायचं. सैन्यातले काका ओळीखाली बोट धरून पुढचं कडवं दाखवायचे. आता ते खोलीच्या दोन टोकांना बसतात. शिक्षककाका पाठ असलेल्या पहिल्या दोन ओळी म्हणतात आणि मग पुस्तक मांडीवर तसंच ठेवून गप्प राहतात. मला ते बघवत नाही.

बोलणं कुठपर्यंत गेलं ते सांगतो. शिक्षककाका म्हणाले, "युद्धाला आमेन म्हणणाऱ्याने डोंगरावरचं प्रवचन आपल्या शास्त्रातून फाडून टाकावं." (डोंगरावरचं प्रवचन म्हणजे शत्रूवरही प्रीती करा, असं सांगणारा येशूचा उपदेश.) सैन्यातले काका म्हणाले, "दुसऱ्याची लेकरं मारली जात असताना हात बांधून बसणारा शेजाऱ्यावर प्रीती करतो असं मी मानत नाही." दोघांनीही मत सोडून एकमेकांच्या विश्वासावर बोट ठेवलं. जखम तिथे झाली.

गट मी चालवतो. विषय बंद करावा, असं काही जणांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. पण पुढे कसं जायचं तेही समजत नाहीये.

---

मोहरीचा दाणा

विषय बंद करू नका, ही पहिली विनंती.

दुसरं, तुमच्या गटाने बारावा आणि तेरावा अध्याय दोन वेगळ्या आठवड्यांत वाचला, तिथेच थोडी गडबड झाली. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली आहे. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते सलग लिहिलं होतं. १२:१९ मध्ये तो म्हणतो, सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. पाचसहा वचनं पुढे, १३:४ मध्ये, अधिकाऱ्याबद्दल बोलताना तोच क्रोध आणि तीच सुडाची भाषा परत येते. म्हणजे वैयक्तिक सूड आणि अधिकाऱ्याची शिक्षा या दोन गोष्टी तो शेजारी शेजारी ठेवतो आणि एकीने दुसरीला खोडत नाही. एका काकांनी बारावा अध्याय धरलाय, दुसऱ्यांनी तेरावा. पत्र एकच आहे.

माझं मत विचाराल तर मी शिक्षककाकांच्या बाजूचा. १३:४ मधली तलवार आपल्या राज्यातल्या गुन्हेगारासाठी आहे. हजारो मैलांवरच्या देशावर विमानं पाठवण्याचा परवाना त्यातून काढणं मला ओढूनताणून वाटतं.

---

जुना शिपाई

मोहरीचा दाणा, तुमचा सलग वाचण्याचा मुद्दा मान्य. शेवटचा परिच्छेद अमान्य.

मी गणवेशात होतो, त्यामुळे माझ्या बोलण्याला धार येईल, ती समजून घ्या. लूक ३:१४ काढा. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? शस्त्र टाका, असं तो त्यांना म्हणत नाही. कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, म्हणतो. कफर्णहूमच्या शताधिपतीचा, म्हणजे रोमी सैन्यातल्या अंमलदाराचा, विश्वास पाहून खुद्द प्रभूला आश्चर्य वाटलं. कर्नेल्य शताधिपतीच होता आणि पेत्राने त्याला बाप्तिस्मा देताना राजीनामा मागितलेला नाही.

आता दूरच्या देशाचं. रवांडा, १९९४. साधारण शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. देश बहुसंख्य ख्रिस्ती. मारणारे ख्रिस्ती, मरणारेही ख्रिस्ती. न्तारामा आणि न्यामाता इथल्या चर्चमध्ये लोक आसऱ्याला गेले, देवाच्या घरात कुणी हात लावणार नाही म्हणून, आणि तिथेच त्यांची कत्तल झाली. ती दोन्ही चर्चं आज स्मारकं आहेत. संयुक्त राष्ट्रांची अडीच हजारांची तुकडी तिथे होती. २१ एप्रिल १९९४ ला सुरक्षा परिषदेने ठराव करून ती २७० वर आणली. कत्तल सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि जगाने माणसं वाढवायची सोडून काढून घेतली.

त्या चर्चच्या दाराशी बंदूक घेतलेले परदेशी शिपाई उभे असते तर तुम्ही त्यांना डोंगरावरचं प्रवचन वाचून दाखवलं असतं का? मी हा प्रश्न रागाने विचारत नाही. तीस वर्षं मला स्वतःला छळतोय तो.

---

पहाटवारा

जुना शिपाई काका, रवांडाबद्दल मी गप्प बसते. माझ्याकडे उत्तर नाही आणि उसनं आणणार नाही.

पण इराक हे रवांडा नव्हतं. तिथे २००३ च्या मार्चमध्ये कुठलीही कत्तल थांबवायला फौज गेली नव्हती. कारण दिलं गेलं सामूहिक संहाराच्या शस्त्रांचं. ३ ऑक्टोबर २००२ ला अमेरिकेतल्या पाच इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतल्या एका प्रवाहाच्या) नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना पत्र लिहून सांगितलं की ही कारवाई न्याय्य युद्धाच्या कसोट्यांवर, म्हणजे युद्ध कधी योग्य ठरतं याच्या ख्रिस्ती परंपरेतल्या अटींवर, उतरते. रिचर्ड लँड यांनी ते लिहिलं, म्हणून लँड पत्र म्हणतात त्याला. त्याच वेळी कॅथलिक बिशप शंका घेत होते. बुश ज्या मेथडिस्ट मंडळीचे, तिचे बिशप विरोधात होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ जानेवारी २००३ ला राजदूतांसमोर युद्धाला स्वच्छ नकार दिला, युद्ध म्हणजे नेहमीच माणुसकीचा पराभव, असं म्हणाले. ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी व्हाइट हाउसमध्ये जाऊन बुश यांना भेटले. दोन आठवड्यांनी बाँब पडायला लागले. पुढे अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ मध्ये कळवलं की शस्त्रांचे साठे नव्हते.

आणि त्याची किंमत कुणी मोजली? इतरांबरोबर आपल्याच भावंडांनी. २००३ च्या आधी इराकमध्ये ख्रिस्ती लोक दहा लाखांच्या वर होते असे अंदाज आहेत. येशूची भाषा ज्या अरामी भाषेच्या घराण्यातली, त्याच घराण्यातल्या बोली बोलणारी, प्रेषितांच्या काळाशी नातं सांगणारी मंडळी. २००८ मध्ये मोसुलचे आर्चबिशप रहो यांचं अपहरण झालं, मार्चमध्ये त्यांचा मृतदेह मिळाला. ३१ ऑक्टोबर २०१० ला बगदादच्या तारणमातेच्या चर्चमध्ये उपासना चालू असताना हल्ला झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. २०१४ च्या जुलैमध्ये मोसुलमधल्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर अरबी 'नून' अक्षर रंगवलं गेलं. नसरानी, म्हणजे नासरेथकराचे लोक, त्यातलं पहिलं अक्षर. त्या भिंतींचे फोटो मी खूप वेळ पाहत बसले होते. एक वळण, वर एक टिंब. त्या घरातल्या बाईने सकाळी दार उघडून ते पाहिलं असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल?

हे सगळं एकट्या २००३ मुळे झालं असं मी म्हणत नाही. पण दार तिथे उघडलं. आणि ते उघडा म्हणून सांगणारं पत्र आपल्याच विश्वासबंधूंनी लिहिलं होतं.

---

जुना शिपाई

इराकबद्दल तुमचं बरोबर आहे. मी २००३ मध्ये त्या युद्धाच्या बाजूने बोललो होतो. मंडळीत, सगळ्यांसमोर. शस्त्रं आहेत यावर माझा विश्वास बसला होता. नव्हती. मी चुकलो होतो हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं, इथे लिहितो.

---

रात्रपाळी

काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. २१ वर्षं परिचारिकेचं काम केलंय म्हणून सांगते, चुकलो हे वेळेत म्हणणारी माणसं फार कमी भेटतात.

---

बर्णबा

कंदीलदादा, जुना शिपाई काकांनी आत्ता जे केलं त्यातून तुमच्या गटाला वाट सापडेल असं मला वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लँड पत्र आणि पोप यांच्यात शास्त्रावरून भांडण किती होतं? फार थोडं. दोघंही प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनला मानत होते. दोघंही धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात घातलेल्या तीन अटी मानत होते: युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेली सत्ता, न्याय्य कारण, आणि सरळ हेतू. नंतरच्यांनी त्यात भर घातली ती, म्हणजे शेवटचा उपाय म्हणूनच युद्ध, होणाऱ्या भल्यापेक्षा नुकसान जास्त नको, निःशस्त्रांवर हात नको, हीही दोघांना मान्य होती. वाद होता तो वस्तुस्थितीवर. शस्त्रं आहेत की नाहीत? तपासनिसांना आणखी वेळ दिला तर काम होईल का? संयुक्त राष्ट्रांच्या मंजुरीशिवाय अधिकार कुणाचा? सरकार गेल्यावर देश कोण सांभाळणार?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर शास्त्रात वचन काढून मिळत नाही. माणसं हेरखात्याच्या अहवालांवर, वर्तमानपत्रांवर, आपल्या आधीच्या अनुभवांवर अंदाज बांधतात. अंदाज चुकतो. चुकीचा अंदाज बांधणाऱ्याला अविश्वासी म्हणायचं का? मंडळीत मी पाहिलंय की आपण नेमकं हेच करतो. वस्तुस्थितीच्या वादाला विश्वासाच्या वादाचे कपडे घालतो, कारण मग समोरच्याला हरवणं सोपं जातं.

तेव्हा पुढच्या बैठकीला एक करून पाहा. दोघांनाही विचारा: तुमचं मत बदलायला काय खरं ठरावं लागेल? शिक्षककाका म्हणतील, "काहीही खरं ठरलं तरी मी हत्येला हो म्हणणार नाही." मग तो खरोखर शास्त्राच्या अर्थाचा वाद आहे, मेनोनाइट आणि क्वेकर या शस्त्र न उचलणाऱ्या मंडळींनी शतकानुशतकं मांडलेला. १५२७ च्या श्लाइटहाइमच्या विश्वासाच्या कबुलीजबाबात आहे तो, १६६० मध्ये क्वेकरांनी इंग्लंडच्या राजाला लिहून दिलाय. त्याला तसाच मान द्या. पण ते म्हणाले की "कत्तल थांबवायची असती तर मी विचार केला असता," तर मग दोघांमधलं अंतर तुम्ही समजता त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

---

मोहरीचा दाणा

बर्णबाभाऊ, मांडणी आवडली. एक अडचण. वस्तुस्थितीच्या नावाखाली सगळं सौम्य करून टाकता येत नाही. कधी कधी वेदीवरूनच युद्ध पवित्र ठरवलं जातं, तेव्हा काय?

२०२२ पासून युक्रेनमध्ये काय चाललंय पाहा. दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स. तोच क्रूस, त्याच मूर्तिचित्रांसमोर मेणबत्त्या. रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांनी २५ सप्टेंबर २०२२ च्या प्रवचनात सांगितलं की कर्तव्य बजावताना मरणाऱ्या शिपायाचं बलिदान त्याची पापं धुऊन टाकतं. मार्च २०२४ मध्ये ते ज्याचे प्रमुख आहेत त्या जागतिक रशियन लोकपरिषदेने या मोहिमेला पवित्र युद्ध म्हणून जाहीर केलं. इथे मी "मतभेद आहेत, चालायचंच" म्हणू शकत नाही. पापं धुणारं रक्त कुणाचं, हा प्रश्न ख्रिस्ती विश्वासाच्या मुळाशी आहे.

---

रात्रपाळी

याच्याशी जोडून एक गोष्ट. त्याच काळात रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीत उपासनेच्या वेळी म्हणायची एक प्रार्थना ठरवून दिली गेली, तिच्यात विजय मागितलेला आहे. मॉस्कोतल्या एका याजकाने ती म्हणताना 'विजय'च्या जागी 'शांती' म्हटलं. एक शब्द. २०२३ मध्ये त्याचं याजकपद काढून घेतलं. नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी ते त्याला परत दिलं.

मी हे वाचल्यापासून आमच्या प्रार्थनासभेत कान देऊन ऐकते. लोक युद्धाबद्दल प्रार्थना करतात तेव्हा नेमका कुठला शब्द वापरतात? मीही कुठला वापरते? खरं सांगायचं तर माझ्या तोंडून किती तरी वेळा "आपल्या बाजूला यश दे" असंच गेलंय. पलीकडच्या बाजूलाही कुणीतरी गुडघे टेकलेत, हे मनात येत नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धात, ४ मार्च १८६५ च्या भाषणात, हेच म्हटलं होतं, की दोन्ही बाजू तेच शास्त्र वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात.

---

पहाटवारा

लिंकन निघालेच आहेत तर हेही. त्या युद्धाच्या आधी अमेरिकेतल्या मंडळ्या फुटल्या होत्या. गुलामगिरीवरून मेथडिस्ट १८४४ मध्ये, बाप्टिस्ट १८४५ मध्ये. देश त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी लढला. मेथडिस्ट परत एकत्र यायला १९३९ उजाडलं. सदर्न बाप्टिस्टांनी गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये.

मला यातून दोन उलट गोष्टी एकदम दिसतात. फूट पडली की ती तीन पिढ्या भरून येत नाही. आणि तरीही, एकी टिकावी म्हणून गुलामगिरीवर गप्प बसणं हे पाप झालं असतं. त्यामुळे "एकी राखा, वाद टाळा" एवढंच कुणी सांगितलं की माझ्या अंगावर काटा येतो. कुणाच्या पाठीवर उभी आहे ती एकी, हे आधी बघा.

---

मीठ आणि उजेड

इतकं वाचलं, सगळं पटलं आणि तरी काहीतरी राहतंय असं वाटतं. रोमकरांस पत्र १४ कुणी काढलंच नाही! मांस खाणारे आणि न खाणारे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. कंदीलदादा, तुमच्या गटाचा पुढचा अध्याय तोच आहे ना?

---

बर्णबा

हो, पण जपून. चौदाव्या अध्यायातली गोष्ट ताटातल्या मांसाची आहे, माणसाच्या मांसाची नाही. युद्धाला खाण्यापिण्याच्या रांगेत बसवलं तर शिक्षककाकांना वाटेल की आपला मुद्दा क्षुल्लक ठरवला, आणि त्यांचं वाटणं रास्त असेल. तुच्छ मानू नये आणि न्याय करू नये, हे दोन शब्द मात्र घ्या. आपल्या बाजूला कुठलं पाप जास्त होतं ते ज्याचं त्याने पाहावं. शांतीच्या बाजूचे लोक न्याय करतात, तलवारीच्या बाजूचे तुच्छ मानतात. माझा अनुभव असाच आहे.

मोहरीचा दाणा यांच्या प्रश्नाला उत्तर बाकी आहे. वेदीवरून युद्ध पवित्र ठरत असेल तर उभं राहून नाही म्हणायचं, त्यात दुमत नाही. पण गटातला म्हातारा सोबती आणि पॅट्रिआर्क यांना एका मापाने मोजू नका. सैन्यातल्या काकांनी युद्धाला पवित्र म्हटलेलं नाही. लेकरं मरताना बघवत नाही, म्हटलंय.

---

रात्रपाळी

आणखी एक आठवण सांगते, मग थांबते. ऑगस्ट १९१४. युरोपातले ख्रिस्ती लोक युद्ध टाळायला जर्मनीतल्या कॉन्स्टन्सला जमले होते आणि परिषद चालू असतानाच युद्ध पेटलं. सगळ्यांना घाईने परतावं लागलं. कोलोन स्टेशनवर हेन्री हॉजकिन हा इंग्रज क्वेकर आणि फ्रीडरिश झीगमुंड-शुल्त्स हा जर्मन लुथरन पाळक निरोप घेत होते. दोघांचे देश शत्रू झाले होते. त्यांनी हात हातात घेऊन ठरवलं की आपण ख्रिस्तात एक आहोत, आपल्यात युद्ध होऊ शकत नाही. त्या वर्षाच्या शेवटी केंब्रिजला फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन ही संघटना उभी राहिली.

आणि दुसऱ्या टोकाला डेस्मंड डॉस. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला पण बंदूक हातात घेणार नाही म्हणाला. सोबतच्यांनी फार छळलं त्याला. १९४५ च्या मे महिन्यात ओकिनावाच्या कड्यावरून त्याने एकेक करत सुमारे ७५ जखमींना दोराने खाली सोडलं. मी जखमी माणूस उचलते, त्यामुळे मला माहीत आहे बेशुद्ध देह किती जड असतो. पंच्याहत्तर! त्या दोरीवर ज्यांना त्याने बांधलं त्या प्रत्येकाच्या हातात आधी बंदूक होती, आणि बंदुकीबद्दल त्यांचं नि त्याचं कधीच पटलं नव्हतं.

---

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आधी करून पाहायचं होतं.

बैठकीआधी दोन्ही काकांच्या घरी वेगवेगळा गेलो. शिक्षककाका म्हणाले, "मी त्याला फाडून टाकावं म्हणालो ते चुकीचं बोललो. मत तेच आहे." सैन्यातले काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तरुणपणी त्यांच्या तुकडीला एका ठिकाणी जायला दोन दिवस उशीर झाला होता. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे त्यांनी आम्हा अकरा जणांत कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, सहा वर्षांत. त्यांच्या परवानगीने इथे एवढंच लिहितोय.

बैठकीत आम्ही १२:१४ पासून १३:१० पर्यंत सलग वाचलं, मध्ये न थांबता. वाचायला मी मुद्दाम सगळ्यात लहान मुलीला सांगितलं. १३:८ आलं, एकमेकांवर प्रीती करणं याशिवाय कुणाच्या ऋणात राहू नका, तेव्हा खोलीत शांतता होती. मला वाटलं आता सगळं निवळेल. नाही निवळलं. बर्णबाभाऊंचा प्रश्न मी दोघांना विचारला. शिक्षककाका म्हणाले, "काहीही खरं ठरलं तरी मी बंदुकीला आशीर्वाद देणार नाही. पण रवांडातल्या त्या चर्चच्या दारात ती माणसं उभी असती तर मीही त्यांच्याबरोबर दारात उभा राहिलो असतो, रिकाम्या हातांनी." सैन्यातले काका लगेच म्हणाले, "आणि मेला असतास." "हो." "आणि मला तुझ्या पुढे उभं राहू दिलं नसतंस?" यावर शिक्षककाकांना उत्तर देता आलं नाही. ते खाली बघत राहिले. मी ते अर्धवटच राहू दिलं.

वाद पुढे तासभर चालला, पहिल्यापेक्षा कडक. कोसोव्होवर गाडी गेली, १९९९, युगोस्लाव्हियावर ७८ दिवस नाटोचे हल्ले, सुरक्षा परिषदेची मंजुरी नाही, आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या दिवशीही बाँब थांबले नाहीत. सैन्यातले काका तिथे अडले. ईस्टरचं त्यांना माहीत नव्हतं. "हे बरोबर नाही," एवढंच म्हणाले. पण या वेळी कुणी कुणाच्या विश्वासाबद्दल बोललं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलेलं गिळलेलं मला दिसलं, दोघांचंही एकेकदा.

प्रार्थना रात्रपाळीताईंनी सांगितलेलं मनात धरून केली. प्रत्येकाने पलीकडच्या बाजूच्या एका माणसासाठी प्रार्थना करायची, नाव माहीत नसलं तरी. शिक्षककाकांनी सीमेवर पहारा देणाऱ्या शिपायासाठी केली. सैन्यातल्या काकांनी भिंतीवर 'नून' लिहिलेल्या घरातल्या बाईसाठी केली. पहाटवाराताई, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता.

गीताच्या वेळी ते अजून दोन टोकांनाच होते. शिक्षककाका दोन ओळींनंतर थांबले. तिसऱ्या ओळीला सैन्यातले काका पुस्तक बंद करून पाठ म्हणायला लागले, नेहमीपेक्षा मोठ्याने, एकेक शब्द सावकाश, म्हणजे त्या टोकाला ऐकू जाईल आणि मागून म्हणता येईल असं. शिक्षककाका अर्धा शब्द मागे राहून म्हणत गेले, शेवटच्या कडव्यापर्यंत.

निघताना शिक्षककाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अक्वायनसच्या त्या तीन अटी मोठ्या अक्षरात लिहून आण, पुढच्या वेळी मला त्या एकेक करून खोडून काढायच्यात. मागून सैन्यातल्या काकांचा आवाज आला: "दोन प्रती आण."